तेर येथील दुहेरी साच्याच्या बाहुल्या

धाराशिव जिल्ह्यांत तेरणा नदीच्या कांठीं वसलेलें तेर हें गांव संतचरित्रांच्या वाचकांस गोरोबाकाकांमुळें परिचित आहे. संशोधकांस तें तगर या नांवानें परिचित आहे. 'पेरिप्लस' या ग्रीक वृत्तांतांत पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर जें तगर नगर सांगितलें आहे, तें म्हणजे हेंच तेर, असें डॉ. फ्लीट यांनीं १९०१ मध्यें प्रतिपादिलें. येथून भडोचकडे जाणाऱ्या मालांत त्या ग्रंथकारानें जाडेंभरडें कापड व मलमल यांची नोंद केली आहे. बाहुल्यांचें नांव त्यानें घेतलें नाहीं. तथापि तेरच्या पांढरींतून निघालेल्या सातवाहनकालीन वस्तूंमध्यें भाजलेल्या मातीच्या बाहुल्यांचें स्थान फार वरचें आहे. चापेकर यांनीं १९५८ मध्यें येथें शास्त्रशुद्ध उत्खनन केलें. त्याखेरीज गांवांतील श्री. रामलिंगप्पा लामतुरे यांनीं आयुष्यभर वेंचून जमविलेला संग्रह आज तेथील शासकीय वस्तुसंग्रहालयांत आहे.

या बाहुल्यांचें कौतुक पुष्कळ झालें आहे. केशरचना, कर्णभूषणें, मेखला यांचीं वर्णनेंहि झालीं आहेत. परंतु बाहुली घडली कशी, याकडे लक्ष दिल्यास तिच्यापासून जो पुरावा मिळतो, तो अलंकारांच्या वर्णनानें मिळत नाहीं. प्रस्तुत लेखाचा हेतु तेवढाच आहे.

उत्तम प्रतीच्या बाहुल्या दुहेरी साच्यांतून काढलेल्या असून आंतून पोकळ आहेत. कारागीर प्रथम एक मूळ आकृति घडवी. तिच्या दर्शनी बाजूवर ओली माती दाबून एक साचा व पाठीमागच्या बाजूवरून दुसरा साचा घेई आणि ते दोन्ही भाजून पक्के करी. मग प्रत्येक साच्यांत मातीची पातळ पोळी बोटांनीं दाबून बसवावयाची, दोन्ही अर्धांच्या कडा पातळ कालविलेल्या मातीनें सांधावयाच्या, व सांध्यावरील वाढावा खरडून टाकावयाचा. साचा भाजलेला असल्यामुळें ओल शोषून घेतो; वाळतां वाळतां माती आकसते व आपोआप साच्यापासून सुटते. भरीव बाहुली भट्टींत घातली तर पोटांत राहिलेल्या ओलाव्याची वाफ होऊन ती फुटण्याचें भय असतें. पोकळ बाहुलीची भिंत पातळ असल्यामुळें ती सारखी वाळते व सारखी भाजते. शिवाय माती कमी लागते.

या रीतीनें मूर्तीच्या रूपावरहि बंधन पडतें. साच्यांतून सरळ बाहेर येणार नाहीं असा कोणताहि भाग घडवितां येत नाहीं. म्हणून हात अंगाला चिकटलेले असतात आणि कमरेवर ठेवलेल्या हाताच्या आंतील मोकळी जागा मातीनें भरलेली राहते. यांत शिल्पशैली शोधूं जाणें व्यर्थ होय; ती साच्याची अडचण आहे. केओलिन नांवाच्या पांढऱ्या बारीक मातीचा उपयोग तेर येथें विशेष दिसतो, व त्याचेंहि कारण उघड आहे. मातीचा कण जितका बारीक, तितकी साच्यांतील रेघ स्वच्छ उठते.

आतां मुख्य मुद्दा. माती वाळतांना व भाजतांना, तिच्या जातीप्रमाणें, लांबींत शेंकडा ५ ते १२ पर्यंत आकसते. म्हणून बाहुली ही नेहमीं आपल्या साच्याहून लहान असते. एखाद्या गांवच्या कुंभारानें दुसरीकडून आलेल्या बाहुलीवरून नवा साचा घेतला, तर तो मातीचा साचाहि आकसतो, आणि त्यांतून निघालेली बाहुली पुन्हा आकसते. आकस शेंकडा ८ धरल्यास ६ इंच उंचीच्या बाहुलीवरून उतरलेली बाहुली सुमारें ५ इंच भरेल, व तिच्यावरून उतरलेली ४.३ इंच. उंचीबरोबर रेघहि जाते: कंठीचे मणी एकमेकांत मिसळतात, बोटें सपाट होतात. पोथीच्या नकलेवरून नक्कल होतांना अक्षर गळतें व पाठ भ्रष्ट होतो, त्यांतलाच हा प्रकार आहे. हस्तलिखितांची वंशावळ लावणाऱ्या आमच्या वाचकांस हें अधिक विस्तारानें सांगण्याचें कारण नाहीं. नेवासें, पैठण, भोकरदन व तेलंगणांतील कोंडापूर येथील याच तऱ्हेच्या बाहुल्या एकमेकींशेजारीं मांडून मोजल्या, तर कोणती प्रत जवळची व कोणती दूरची, हें ठरविण्यास केवळ 'शैलीसाम्य' या मोघम शब्दावर विसंबावें लागणार नाहीं. मात्र एक सावधगिरी हवी. निरनिराळ्या मात्या निरनिराळ्या आकसतात. तेव्हां पांढऱ्या व तांबड्या मातीच्या बाहुल्यांच्या उंचीची सरळ तुलना करूं नये.

बाहुली व्यापाऱ्याच्या गांठोड्यांतून कोठेंहि जाऊं शकते. साच्याचें तसें नाहीं. साचा बहुधा कारागिराच्या घरींच राहतो. म्हणून फुटका कां होईना, एक साचा दहा अखंड बाहुल्यांपेक्षां मोलाचा समजला पाहिजे.

तेरची जी हस्तिदंती स्त्रीमूर्ति प्रसिद्ध आहे, तिला हा न्याय लागू नाहीं. इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीखालीं गडप झालेल्या पाँपेई शहरांत १९३८ मध्यें भारतीय घडणीची एक हस्तिदंती मूर्ति निघाली, आणि १९७३ च्या भोकरदन उत्खननांत तिच्याशीं मिळता हस्तिदंती नमुना सांपडला. या तिघींचें साम्य डोळ्यांत भरतें खरें. परंतु हस्तिदंत एकेक कोरावा लागतो, त्यामुळें तेथें संप्रदायाचें साम्य दाखवितां येतें, नकलेची परंपरा मोजून दाखवितां येत नाहीं.

'बाहुली' हा शब्दहि येथें सोयीपुरताच वापरला आहे. याच मातींत व याच वस्त्यांत शिरोहीन लज्जागौरीच्या लहान मूर्ति मिळतात, व त्या खेळण्या नव्हेत. साच्याची कला एकच. तींतून देव्हाऱ्याची देवता निघे, तशी मुलांचें खेळणेंहि निघे.

संग्राहकांची रीति मात्र या अभ्यासास प्रतिकूल आहे. छायाचित्र मुखाचें घेतात, पाठीचें घेत नाहींत. सांधा उकलून वेगळा झालेला पाठीचा अर्ध निरुपयोगी म्हणून टाकून देतात, किंवा दुसऱ्याच मुखाला डिंकानें चिकटवितात. असल्या जोडणीनें दोन्ही अर्धांचा पुरावा एकदमच नष्ट होतो. ज्यांच्याजवळ असे अर्ध असतील त्यांनीं ते सुटेच ठेवावेत, उंची, रुंदी व भिंतीची जाडी मोजून मातीच्या रंगासह लिहावी, वस्तु कोणत्या शेतांत मिळाली तें नमूद करावें, आणि आंतील बाजू घासून स्वच्छ करूं नये. कारागिराच्या बोटांचे ठसे त्याच बाजूस असतात.