सभासद येतात, पण टिकत का नाहीत?

इंदुराहून एका बाजूला निघालेला प्रवासी तासाभरात देवासला पोहोचतो आणि दुसऱ्या बाजूला निघालेला दोन तासांच्या आत धारेला. दोन्ही गावे पवारांची. दोन्ही गावांत मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आणि जेथे मराठी माणूस गेला तेथे मंडळ आलेच. गणेशोत्सव, वाचनालय, व्यायामशाळा, गरजू मुलांना पुस्तके, डोळ्यांच्या तपासणीची शिबिरे अशी कामे या मंडळांनी केली. पुढे रोटरी आणि लायन्स या परदेशी मुळांच्या क्लबांची त्यांत भर पडली. नावे निराळी, वर्गणी निराळी. पण अलीकडे कोणत्याही कार्यवाहाशी पाच मिनिटे बोलावे तर तक्रार एकच ऐकू येते. नवे सभासद मिळत नाहीत. मिळाले तर वर्षभरात दिसेनासे होतात. आणि जे टिकतात ते सारे एकाच आळीतले, एकाच वयाचे आणि बहुधा एकाच जातीचे असतात.

मी स्वतः काही वर्षे अशा एका मंडळाच्या कार्यकारिणीत होतो. त्या अनुभवावरून सांगतो की ही तक्रार खोटी नाही. वार्षिक सभेचे छायाचित्र काढून पाहावे. खुर्चीवर बसलेल्यांचे केस दर वर्षी अधिक पांढरे होत जातात. मागे उभ्या असलेल्यांची रांग मात्र दर वर्षी आखूड होते. मुले इंदूर, पुणे, बंगळूर येथे नोकरीला गेली, हे त्याचे कारण म्हणून सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. गावातून माणसे गेली, तशी गावात माणसे आलीही. ती मंडळात का आली नाहीत, हा खरा प्रश्न आहे.

देवासचेच पाहा. १९४८ पर्यंत हे एकच गाव दोन संस्थानांची राजधानी होते. तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांचे वंश, थोरली पाती आणि धाकटी पाती, यांचे दोन राजवाडे, दोन दरबार होते; हद्द गावाच्या रस्त्यांतूनच जात असे. ई. एम. फॉर्स्टर हे इंग्रज कादंबरीकार १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे चिटणीस म्हणून येथे राहिले. १९५३ साली निघालेल्या त्यांच्या ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकामुळे या दुहेरी कारभाराची हकीकत जगाला ठाऊक झाली. ती हद्द विलीनीकरणात पुसली गेली. परंतु आपले वेगळे आणि त्यांचे वेगळे ही सवय नकाशावरून पुसली म्हणजे मनातूनही जाते, असे नव्हे. देवासच्या टेकडीवर मात्र लोकांनी फार पूर्वीच निराळा निवाडा दिला आहे. तेथे तुळजाभवानी ही थोरली माता आणि चामुंडा ही धाकटी. वर चढलेला भाविक दोघींचे दर्शन घेतल्यावाचून सहसा खाली उतरत नाही.

आता या गावाची वस्ती पालटली आहे. १९७० नंतरच्या दशकात बँक नोट प्रेस आली, पाठोपाठ कारखाने वाढले आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतले कारागीर, तंत्रज्ञ, मजूर येथे स्थायिक झाले. धारेची गोष्ट याहून वेगळी. धार जिल्ह्यात २०११ च्या शिरगणतीप्रमाणे निम्म्याहून अधिक लोक आदिवासी, मुख्यतः भिल्ल आणि भिलाला आहेत. त्याच जिल्ह्यातल्या पिथमपुरात कारखान्यांची मोठी वसाहत उभी आहे. म्हणजे ज्यांची सेवा करायची ते लोक बदलले. सेवा करणाऱ्यांची यादी तीच राहिली. भिल्ल मनुष्य आमच्या शिबिरात येतो तो ‘लाभार्थी’ म्हणून. सभासदांच्या नोंदवहीत त्याचे नाव शोधून पाहावे.

हा प्रश्न केवळ आपलाच नाही. १९०५ सालच्या फेब्रुवारीत शिकागो शहरी पॉल हॅरिस या वकिलाने रोटरी काढली. सभा आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरायची, म्हणून हे नाव. तिचा मूळ नियम मोठा चतुर होता: एका धंद्याचा एकच प्रतिनिधी. वकिलांनीच क्लब भरून जाऊ नये, शिंप्यालाही त्यात जागा असावी, हा त्यातला हेतू. नियमाने धंद्यांची विविधता आली. माणसांची आली नाही. ज्याला धंदा म्हणावा असे काही हाती नव्हते तो बाहेर राहिला आणि स्त्रिया तर सर्वस्वी बाहेर राहिल्या. १९२४ साली मँचेस्टरला रोटेरियनांच्या पत्नींनी ‘इनर व्हील’ ही आपली स्वतंत्र संस्था काढली.

पुढे १९७७ साली कॅलिफोर्नियातील दुआर्ते या छोट्या गावच्या क्लबने तीन स्त्रियांना सभासद करून घेतले. मुख्य संस्थेने त्या क्लबचे सभासदत्वच काढून घेतले. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८७ साली निकाल स्त्रियांच्या बाजूने लागला. १९८९ साली संस्थेने जगभर तो नियम बदलला. २०२२ साली जेनिफर जोन्स ही स्त्री तिची अध्यक्ष झाली. दुआर्तेच्या क्लबात सभासद कमी होत चालले होते, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. दार पुष्कळदा तत्त्वामुळे नव्हे, तर अडचणीमुळे उघडते. त्यात लाजण्यासारखे काही नाही. उघडलेले दार पुन्हा लावले नाही म्हणजे झाले.

त्याच १९०५ साली, जून महिन्यात, पुण्यास गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाज स्थापिला. त्याची रीत अगदी उलट. येथे वर्गणी भरून सभासद होता येत नसे. पाच वर्षे उमेदवारी करावी लागे. इतके कडक असूनही निरनिराळ्या प्रांतांतली माणसे तेथे आली आणि जन्मभर राहिली. हे कसे झाले? मला याचे एक कारण असे दिसते की, प्रत्येकाला स्वतःचे असे शेत नांगरायला मिळाले. नारायण मल्हार जोशी मुंबईच्या गिरणी-कामगारांत गेले. १९११ साली त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली. अमृतलाल ठक्कर १९२२ साली दाहोदला भिल्लांत जाऊन राहिले आणि भिल्ल सेवा मंडळ उभे केले. दाहोद म्हणजे आमच्या माळव्याच्या पश्चिमेचे शेजारचेच गाव. एकाचे काम दुसऱ्याने केले असते तर चालले असते, असे यांपैकी कोणाविषयी म्हणता येणार नाही.

इतके त्यागी पुरुष रोज जन्मत नाहीत, असा आक्षेप कोणी घेईल. म्हणून साध्या माणसांचे उदाहरण देतो आणि तेही घरचे. इंदुरातील कापड-गिरण्यांचे कामगार अनंत चतुर्दशीच्या रात्री झाँक्यांची मिरवणूक काढतात. ती प्रथा शंभर वर्षांची झाली. गिरण्यांत माळव्याचे, निमाडचे, बुंदेलखंडाचे, महाराष्ट्राचे कामगार होते. कोणी सुतार, कोणी रंगारी, कोणी विजेच्या तारा जोडणारा, कोणी नुसता खांदा देणारा. गिरण्या बंद पडल्या. हुकुमचंद गिरणी १९९१ च्या अखेरीस बंद झाली. कामगारांना थकलेला पैसा मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. मधल्या बत्तीस वर्षांत पगार नव्हता, गिरणी नव्हती. तरी झाँकी निघत राहिली. तिला ना सभासदत्वाचा अर्ज, ना छातीवर लावायचा बिल्ला. माझा हात नसेल तर यंदा हे चाक फिरणार नाही, एवढेच प्रत्येकाला ठाऊक होते.

माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली येथे आहे. आपण नव्या माणसाला बोलावतो, पुष्पगुच्छ देतो, पहिल्या रांगेत बसवतो आणि काम मात्र जुन्या चौघांतच वाटून घेतो. पाहुणचार हा पाहुण्यासाठी असतो. आणि पाहुणा केव्हातरी घरी जायचाच. आमच्या मंडळात आलेला एक तरुण कारखान्यात यंत्रदुरुस्ती करी. वर्षभरात आम्ही त्याला चार वेळा टाळ्या वाजवायला बोलावले. वाचनालयाचा पंखा मात्र बाहेरच्या मिस्त्रीकडून दुरुस्त करून घेतला. पुढच्या वर्षी त्याने वर्गणी भरली नाही. त्याचे काय चुकले?

काही गोष्टी तर नुसत्या वेळापत्रकाच्या आहेत. देवासच्या कारखान्यांत पाळ्या चालतात. सभा कायम संध्याकाळी सहाला ठेवली तर दुसऱ्या पाळीचा मनुष्य येणार कसा? घरी स्वयंपाकाची वेळ तीच असते, तेव्हा गृहिणीही येत नाही. रोटरीसारख्या हजेरीच्या शिस्तीच्या संस्थेनेही २०१६ साली दर आठवड्याच्या सभेचा आग्रह सैल केला. वर्गणी एकदम न घेता महिन्याला घेतली तर मजुराला ती झेपते. धार जिल्ह्यात शिबिर घ्यायचे तर ते हाटाच्या दिवशी आणि हाटाच्या गावीच घ्यावे. कचेरीच्या सोयीचा रविवार तेथे कामाचा नाही.

परंतु केवळ वेळ बदलून भागणार नाही. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक रोगाचे उदाहरण घ्या. आदिवासी भागांत तो अधिक आढळतो. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम २०२३ च्या जुलैत मध्य प्रदेशातच शहडोलला सुरू झाली. रक्त तपासायला यंत्र लागते, ते मिळेल. पण मुलाच्या रक्तात दोष आहे हे आईला समजावणे, विवाहापूर्वी दोघांची तपासणी करा असे वडीलधाऱ्यांना पटवणे, हे भिली बोलणाऱ्या आणि त्या घरात ओळख असणाऱ्या माणसाचे काम आहे. त्याला दुभाष्या म्हणून दिवसापुरते नेऊ नये. शिबिर कोठे घ्यायचे, केव्हा घ्यायचे, कोणते औषध आधी मागवायचे हे ठरवणाऱ्या समितीत त्याला खुर्ची असावी. तो आपल्याकडून शिकेल तितकेच आपणही त्याच्याकडून शिकू. देवासमध्ये या गोष्टीचा मोठा पुरावा आहे. बेळगावकडचे, घरी कानडी बोलणारे कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने आजारी अवस्थेत येथे आले. माळव्याच्या बायाबापड्यांची गाणी त्यांनी कान देऊन ऐकली आणि त्यांतून नवे राग उभे केले. ज्यांना आपण अडाणी समजतो त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे, असे मानणारा मनुष्य कोठेही परका राहत नाही.

एक शंका मात्र मी टाळणार नाही. मराठी मंडळात सारेच आले तर मराठीचे काय होणार, असे वडीलधारी मंडळी विचारतात. आणि त्यांची काळजी खरी आहे. मुलांच्या तोंडून मराठी उतरत चालली आहे, हे आपण सर्वच पाहतो. माझे म्हणणे इतकेच की दोन कामांची गल्लत करू नये. नाट्यवाचन, कथाकथन, मुलांचे मराठी वर्ग हे मराठीतच चालावेत आणि नेटाने चालावेत. रक्तदान, औषधपेटी, शाळेची पुस्तके या कामांना भाषेची अट कशाला? एकाच छपराखाली ही दोन दालने सुखाने नांदू शकतात. शेजारच्या दालनात काम करणारा मालवी किंवा बोहरा मित्र गणपतीत आरतीला उभा राहिला, तर मराठी बाटणार नाही. उलट तिला श्रोता मिळेल.

येत्या वार्षिक सभेत दोन्ही गावांच्या मंडळांनी एवढे करून पाहावे. ‘सभासद वाढवा’ असा ठराव करू नये. त्याऐवजी, जे काम आपल्यापैकी कोणालाच येत नाही अशा कामांची यादी करावी आणि ते ज्याला येते त्याच्या दारी अध्यक्षांनी स्वतः जावे. सत्काराला बोलवायला नव्हे, काम सोपवायला. मग तो कोणत्या आळीतला, हे विचारायची वेळच येणार नाही.