झाकणाआडचा श्वास

एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. समुद्राच्या कोमट पाण्यात जेमतेम ५. एवढ्याशा ऑक्सिजनवर माशाचं भागतं ते कल्ल्यांमुळे. पण या नाजूक कल्ल्यांवर जे हाडाचं झाकण असतं, त्याच्याकडे आपलं लक्षच जात नाही. शास्त्रज्ञ त्याला ऑपरक्युलम म्हणतात.

बाजारातला ताजा जिताडा घ्या आणि डोळ्यामागचं हे झाकण जपून उचला. त्याची कड धारदार असते, बोट कापतं. आत लालभडक झालरींचे थर दिसतील. जिवंत जिताडा तोंडानं पाणी आत ओढतो, मग तोंड मिटून ते झाकणाखालून बाहेर ढकलतो. तोंड आणि झाकण आळीपाळीनं हलल्यामुळे जागेवर थांबलेल्या माशाच्या कल्ल्यांवरूनही पाणी वाहत राहतं. झालरींतलं रक्त या पाण्याच्या उलट दिशेनं वाहतं, म्हणून त्यातला बराचसा ऑक्सिजन टिपला जातो. इतकी सुंदर रचना प्राणिसृष्टीत क्वचितच सापडते.

मोरीला म्हणजे शार्कला असं झाकण नसतं; बाजूला बहुधा पाच उघड्या फटी असतात. पाकटाच्या फटी तर पोटाकडच्या बाजूला असतात.

समुद्री गोगलगायींच्या बाबतीतही ऑपरक्युलम हाच शब्द वापरतात, पण तिथे त्याचा श्वासाशी संबंध नाही. अंग आत ओढल्यावर शंखाचं तोंड बंद करणारी ती चकती असते. अत्तरवाले आणि वैद्य ‘नख’ नावाचं जे सुगंधी द्रव्य वापरतात, ते याच चकत्यांचं.