बोथट नाकाची ढाल

वेगाने जावयाचे तर टोक अणकुचीदार हवे, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. बाण, भाला, होडीची नाळ, सारे हेच सांगतात. लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांची तोंडेही प्रथम अशीच निमुळती आखली गेली.

पण पृथ्वीभोवती फिरून परतणाऱ्या यानाचा वेग सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर असतो. त्या वेगातील एक किलो वस्तूची ऊर्जा एक किलो लोखंडाची वाफ करूनही उरेल. वेग मोडताना ही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडणारच. ती जाणार कोठे? आत बसलेल्या माणसाचा जीव या एका प्रश्नावर टांगलेला असतो.

अमेरिकेतील एम्स प्रयोगशाळेत ज्युलियन अ‍ॅलन आणि आल्फ्रेड एगर्स यांनी गणिताने उलटेच उत्तर काढले: नाक बोथट करा! १९५३ सालचा त्यांचा अहवाल काही वर्षे गुप्त ठेवण्यात आला होता.

असे का व्हावे? भरधाव ओढ्यातील मोठा गोटा आपण पाहिलेला असतो. पाणी त्याच्यापुढेच चढून उभे राहते आणि बाजूंनी निघून जाते. ध्वनीहून वेगवान वस्तूपुढे हवेचेही असेच होते. एकदम दाबल्या गेलेल्या हवेच्या त्या भिंतीस आघाततरंग म्हणतात. टोकदार वस्तूस हा तरंग अगदी चिकटून असतो, आणि पृष्ठभागाशी होणाऱ्या घर्षणाची उष्णता वस्तूतच शिरते. बोथट वस्तूपुढे तो अंतर राखून उभा राहतो. हवा तेथेच तापते, आणि बहुतेक उष्णता घेऊन बाजूने वाहून जाते.

हे डोळ्यांनी पाहता येते. एम्सच्या एका वातविवरात, म्हणजे वाऱ्याच्या बोगद्यात, ध्वनीहून वेगवान वारा सोडीत आणि त्याच्या तोंडावर बंदुकीतून छोटी प्रतिकृती झाडीत. दोन्ही वेगांची बेरीज होई. क्षणमात्र चमकणाऱ्या प्रकाशात तिची सावली टिपली जाई. दाट हवेत प्रकाश वाकत असल्याने तरंगाची रेघ स्पष्ट उमटे. बंदुकीच्या गोळीपुढील अशाच तरंगाचे चित्र माख आणि साल्खर यांनी १८८७ साली प्रसिद्ध केले होते.

तरंग सारीच उष्णता अडवितो असे मात्र नव्हे. उरलेल्या उष्णतेसाठी यानाला उष्णतारोधक कवच लागतेच. २० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन पृथ्वीभोवती फिरत असता कवच सैल झाल्याचा इशारा मिळाला. सुदैवाने तो खोटा ठरला. बोथट बाजू पुढे करून ते सुखरूप उतरले. २२ जानेवारी २००७ रोजी भारताची पहिली परतकुपीही बोथट नाकानेच बंगालच्या उपसागरात उतरली.

हवेचा विरोध टाळणे नव्हे, तर तो अंगापासून दूर उभा करणे, यातच येथे तरणोपाय होता.