गिटारचा गज मोडला? आधी नट बघा!

गोराई, मनोरी, उत्तन. खाडीपलीकडच्या या पट्ट्यात वाऱ्यातच मीठ आहे. पत्रा गंजतो, कुलपं अडकतात आणि इलेक्ट्रिक गिटारच्या नेकमधल्या ट्रस रॉडचा, म्हणजे पोलादी गजाचा, नटही जाम होतो. मग कुणीतरी ॲलन कीवर जोर लावतं, ‘कट्ट’ आवाज येतो आणि घरात सुतक! थांबा. अनेकदा रॉड शाबूत असतो, गेलेला असतो तो फक्त नट.

मुळात लाकडात हा पोलादी गज हवाच कशाला? नेहमीच्या सहा तारा मिळून नेकला सुमारे 45 किलोंनी ओढत असतात! गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू यांनी 1921मध्ये यावरच्या उपायाच्या पेटंटसाठी अर्ज केला, 1923मध्ये ते मिळालं. तेव्हा इलेक्ट्रिक गिटार बाजारात यायचीच होती.

गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरना वाटलं, मेपलचं लाकूड टणक, त्याला गज कशाला? 1950च्या पहिल्यावहिल्या गिटार तशाच निघाल्या. त्याच वर्षी त्यांनी रॉड घातला, तोही मागून खाच पाडून. फेंडरच्या नेकच्या पाठीवरची काळपट अक्रोडाची पट्टी म्हणजे त्या खाचेचं झाकण. नक्षी नव्हे!

आमच्या मिरजेच्या सतारीला मात्र असला गज लागत नाही. तिचे पडदे दोऱ्याने बांधलेले, सूर हलला की सरकवून घ्यायचे.

नटाचा खरा वैरी चुकीची चावी. नटाचं माप पाव इंचाचा अर्धा, म्हणजे 1/8 इंच असेल, तर ते भरतं 3.175 मिलिमीटर. तिथे 3 मिलिमीटरची की घातली, की ती सैल फिरते आणि कडा गोल होतात. म्हणून आधी तारा ढिल्या करा, योग्य मापाची की पूर्ण आत बसवा. जाम नटावर गंज सोडवणाऱ्या तेलाचा एखादाच थेंब, कारण लाकूड तेल पितं.

रॉडच्या टोकाचे आटेच गेले असतील, तर कारागीर रॉडभोवतीचं थोडं लाकूड पोकळ कटरने काढतो, खाली नवे आटे पाडतो आणि वॉशर घालून नट चढवतो. गज आतून तुटला, तरच फ्रेटबोर्ड ऊब देऊन उचलायचा. तो खर्च मोठा. नेक चार स्क्रूंवर असेल, तर नवा नेक बसवणं अनेकदा स्वस्त पडतं.

दुरुस्तीनंतर एका वेळी पाव फेराच. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबा; सातव्या-आठव्या फ्रेटपाशी 0.2 ते 0.3 मिलिमीटर फट हवी. पावसाळा सरला की पुन्हा मोजा.