पावती कुठे अडली?

संगमेश्वरच्या एसटी स्टँडजवळचे एक सेवा केंद्र. बाहेर आषाढातला पाऊस, आत प्रवेशअर्ज भरणाऱ्यांची गर्दी. एका मुलीने शुल्क भरले. आईच्या मोबाइलवर पैसे वजा झाल्याचा मेसेज आला, पण संगणकावर काहीच उमटेना.

“काका, पैसे कापले गेले. पावती कुठाय?”

“थांब, परत बटण दाबू नको.” काकांनी पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला बोट ठेवले. तिथे एवढीशी चौकट, तिच्यावर लाल फुली. त्या चिन्हावर क्लिक करताच ब्राउझरने अडवलेल्या पानाची लिंक दिसली आणि पावती उघडली.

ब्राउझरला हा संशयी स्वभाव उगाच जडलेला नाही. 1995 मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेन्डन आइक यांनी जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांत उभा केला. या भाषेतल्या ‘विंडो डॉट ओपन’ या आज्ञेने कोणतेही पान स्वतःहून नवी खिडकी उघडू शकत असे. पुढे ट्रायपॉड या संकेतस्थळासाठी ईथन झुकरमन यांनी जाहिरात वेगळ्या खिडकीत दाखवणारा प्रोग्राम लिहिला. हेतू साधा होता: पानावरच्या मजकुराशी जाहिरातदाराचे नाव जोडले जाऊ नये. पण हीच युक्ती सर्वांनी उचलली आणि वाचणाऱ्यांना नको नको झाले. 2014 मध्ये झुकरमन यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली. तोवर ब्राउझरांनी दारे लावून घेतली होती. 2004 च्या विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक 2 पासून इंटरनेट एक्सप्लोररमध्येही पॉपअप, म्हणजे अशा आपोआप उघडणाऱ्या खिडक्या, रोखण्याची सोय आली.

आजचा नियम असा, की माणसाने क्लिक केले किंवा कळ दाबली, तरच खिडकी उघडेल. त्या परवानगीलाही मुदत असते. क्रोममध्ये ती साधारण 5 सेकंदांची. शिवाय एका क्लिकवर एकच खिडकी.

पावती अडली ती इथेच. मुलीने बटण दाबले खरे, पण पावसात रेंज रडतखडत होती. सर्व्हरचे उत्तर यायला वेळ लागला, तोवर मुदत टळली. मग पानाने उघडू पाहिलेली खिडकी ब्राउझरच्या लेखी आगंतुकच ठरली.

यावर उपाय प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हाती असतो. क्लिक होताक्षणी रिकामी खिडकी उघडून ठेवावी आणि उत्तर आले की तिला पावतीचा पत्ता द्यावा. खिडकी अडवली गेली, तर ‘विंडो डॉट ओपन’कडून ‘नल’, म्हणजे ‘काही नाही’, असे उत्तर येते. ते तपासून त्याच पानावर ‘पावती पाहा’ अशी लिंक दाखवावी. खिडकीला ठरावीक नाव दिले, तर पुन्हा क्लिक केल्यावर नव्या खिडक्यांची रांग लागत नाही. तीच खिडकी वापरली जाते. खरे तर पावती त्याच पानावर दाखवली, तर यातले काहीच करावे लागत नाही.

काकांच्या मॉनिटरवर चिकटपट्टीने लावलेला एक कागद आहे: ‘पॉपअप चालू आहे का बघा.’ कुणीतरी न लिहिलेल्या दोन-चार ओळींची भरपाई तो कागद रोज करतो आहे.