आराखडा परका, हात आपले

अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक भागात, शिळ-बदलापूर रस्त्यावर, नेव्हल मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरी आहे. 1953 साली मुंबईच्या नौदल गोदीत वेगळ्या नावाने सुरू झालेली ही प्रयोगशाळा आज समुद्रापासून इतक्या आत बसून समुद्राचंच काम करते. खाऱ्या पाण्यात गंजणारं पोलाद, जहाजाच्या तळाला चिकटून वेग खाणारे कवचधारी जीव, त्यांना रोखणारे रंग हे तिचे विषय आहेत. पाणबुडीला जास्त काळ पाण्याखाली राहू देणाऱ्या फ्युएल सेल यंत्रणेचा जमिनीवरचा नमुना 8 मार्च 2021 रोजी यशस्वी ठरला, तोही हिच्याच संशोधनातून. बदलापूर-अंबरनाथच्या किती घरांत हे ठाऊक आहे? आपल्या पोरांनी कॉम्प्युटर, सिव्हिल, मेकॅनिकलचा विचार केला, पण जहाजाचा आराखडा काढणं हाही पोटापाण्याचा व्यवसाय असतो, हे त्यांच्यापर्यंत पोहोचलंच नाही. म्हणून पडद्यामागच्या या काही गोष्टी. त्या सगळ्या आराखड्याच्या कागदांभोवती फिरतात.

पहिली तर आपल्याच नदीवरची. बदलापूर, उल्हासनगरवरून येणारी उल्हास कल्याणला खाडी होते. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि शिवाजी महाराजांनी इथे जहाजं बांधायला काढली. कामावर रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज जाणकार, त्याचा मुलगा आणि त्यांचे कारागीर होते. हे आरमार उद्या आपल्याच मुळावर येईल, हे वसईच्या पोर्तुगीजांनी ओळखलं आणि 1659 मध्ये या मंडळींना फितवून परत नेलं. विद्या परक्याच्या हाती असली की ती अशी एका निरोपावर उठून जाते. आरमार तरीही उभं राहिलं, कारण तोवर किनाऱ्यावरचे सुतार, लोहार, कोळी, भंडारी कामाला लागले होते.

दुसरी गोष्ट मुंबईच्या गोदीतली. वाडिया घराण्याने सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका 1817 मध्ये पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगते आहे. तिचे आराखडे घेऊन ‘जावा’ हे जहाज मुंबईकडे निघालं होतं. डिसेंबर 1812 मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ते पकडून जाळलं आणि कागद त्याच्याबरोबर गेले. लंडनहून नव्या प्रती मागवाव्या लागल्या. सागवान इथलं, सुतार इथले, आणि सगळ्यांना वाट पाहायची होती ती कागदाची.

आता ‘सुहेली’. ही गोष्ट सांगताना मला आजही भरून येतं, कारण जगाने या होडीचं कौतुक केलं आणि तिचं जन्मगाव मात्र आपणच विसरलो. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा तरुण अधिकारी होता. मुंबई आणि इराणी आखात या फेऱ्यांवर असताना त्याने सहकाऱ्यांबरोबर बेत केला की, एक होडी बांधायची आणि तिच्यातूनच घरी जायचं. इंग्लंडमधल्या एका कंपनीकडे आराखडा मागवला. आला तो मनातला नव्हताच. अमेरिकन डिझायनर विल्यम अ‍ॅटकिनने 1920च्या दशकात काढलेल्या ‘एरिक’ या जुन्या नमुन्याचा तो कागद होता. दुसरा मागवायला वेळ नव्हता. त्यांनी आहे तोच घेतला आणि कुलाब्याच्या गोदीत काम सुरू झालं. सुतारांकडे विजेची यंत्रं नव्हती. वाकसाने तासायचं, सामत्याने भोकं पाडायची, आणि सागवानाची जाडजूड फळी डोळ्याच्या अंदाजाने वळणावर बसवायची. डिसेंबर 1964 मध्ये नाळेवर नारळ फोडून 32 फुटांची ही होडी पाण्यात गेली.

1968 मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत जाहीर झाली, तेव्हा नॉक्स-जॉन्स्टनला ‘सुहेली’ न्यायचीच नव्हती. कॉलिन मुडी या नामवंत नौकाशिल्पीने त्याच्यासाठी मोठ्या पोलादी यॉटचा आराखडा केला होता. ती बांधायला पैसे उभे राहिले नाहीत, म्हणून नाइलाजाने तो मुंबईची होडी घेऊन निघाला. नऊ जणांनी सुरुवात केली. कुणाच्या होड्या वेगवान होत्या, कुणाच्या हलक्या, कुणाच्या तीन सांगाड्यांच्या. 22 एप्रिल 1969 रोजी, 312 दिवसांनी, एकटी ‘सुहेली’ परत आली.

हे कसं घडलं, ते डिझाइनच्या अंगाने पाहायला हवं. पाणी कापत जाणाऱ्या जड होडीचा वेग तिच्या पाण्यालगतच्या लांबीवर अवलंबून असतो. ही लांबी फुटांत घेऊन तिच्या वर्गमुळाला 1.34 ने गुणलं की, साधारण कमाल वेग नॉटमध्ये मिळतो. 25 फूट असेल तर 6.7 नॉट, 49 फूट असेल तर 9.4. त्या हिशेबात ‘सुहेली’ कुठेच बसत नव्हती. पण ‘एरिक’चं मूळ नॉर्वेत, कॉलिन आर्चरने वादळात बचावकार्य करण्यासाठी घडवलेल्या नौकांत होतं. पुढून मागेपर्यंत लांब कील (तळाचा कणा), खाली भरपूर वजन, दोन्ही टोकं निमुळती. वाटेत सुकाणू आपोआप सांभाळणारं यंत्र मोडलं, तरी शिडांचा तोल साधला की होडी आपला मार्ग धरून राहायची. अटलांटिकमध्ये कीलजवळच्या फटीतून पाणी येऊ लागलं, तेव्हा त्याने समुद्रात बुडी मारून फटीत कापूस ठासला आणि वरून तांब्याची पट्टी ठोकली. सागवानी फळ्यांची होडी होती म्हणून हे खिळे-हातोडीने जमलं. माझ्या मते ‘चुकून’ आलेला तो कागद त्या शर्यतीसाठी सर्वांत योग्य होता.

आणि मुडी? त्याची पोलादी यॉट कागदावरच राहिली. पण पुढे त्याच्याच आराखड्यावर गोवा शिपयार्डने तीन डोलकाठ्यांची ‘तरंगिणी’ बांधली. 1997 मध्ये ती नौदलात आली आणि 2003-04 मध्ये जगाची फेरी करून आली.

शर्यतीच्या जगात आराखड्याला किती मोल असतं, ते 1983 च्या अमेरिका कपमध्ये दिसलं. ‘ऑस्ट्रेलिया टू’ ही यॉट पाण्याबाहेर काढताना तिच्या तळाभोवती खरोखरच पडदे लावत. आत पंख असलेली कील होती. न्यूयॉर्क यॉट क्लबकडे 132 वर्षं असलेला चषक तिने जिंकला. डिझायनर म्हणून नाव झालं बेन लेक्सनचं. त्याने चौदाव्या वर्षी शाळा सोडून रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात उमेदवारी केली होती. मात्र कीलच्या चाचण्या नेदरलँड्समधल्या टाकीत झाल्या होत्या आणि तिचं श्रेय खरं कुणाचं, यावर डच तज्ज्ञांनी पुढे वाद घातला. कागदावर सही कुणाची, याला तिथे इतकी किंमत आहे.

पुन्हा आपल्या किनाऱ्यावर येऊ. 1971 च्या युद्धात ‘कमोर्टा’ या युद्धनौकेचे कप्तान म्हणून वीरचक्र मिळवलेले व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णीला राहत. एखाद्या भारतीयाने एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास त्यांनी घेतला, आणि ती नौका भारतातच बांधलेली असावी हा त्यांचा हट्ट होता. पाणबुड्या म्हणून काम केलेले कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. नौका बांधायची जबाबदारी गोव्यात दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकरांनी घेतली. त्यांचा फायबरच्या होड्यांचा धंदा होता. महासागर ओलांडणारी असली यॉट त्यांच्या यार्डात पूर्वी झालेली नव्हती. आराखडा हॉलंडच्या व्हॅन डी स्टाट कंपनीचा ‘टोंगा 56’. आत लाकूड आणि त्यावर फायबरग्लास अशी 56 फुटांची ‘म्हादेई’ फेब्रुवारी 2009 मध्ये नौदलात आली. बांधणी चालू असताना दोंदे यार्डातच असायचे. ज्या नौकेत एकट्याने मुक्काम करायचा तिचा बोल्ट न् बोल्ट हाताखालून गेला पाहिजे, हे ते जाणून होते. 19 ऑगस्ट 2009 ला मुंबईहून निघून चार थांबे घेत ते 19 मे 2010 ला परतले. त्याच नौकेतून नौदलाच्याच अभिलाष टॉमींनी 2012-13 मध्ये कुठेही न थांबता फेरी पूर्ण केली. तिची बहीण ‘तारिणी’ही दांडेकरांचीच, नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी 2017-18 मध्ये तिच्यातून प्रदक्षिणा केली.

2018 मध्ये ‘गोल्डन ग्लोब’ पुन्हा भरली, तेव्हा टॉमींसाठी दांडेकरांच्या यार्डात ‘सुहेली’चीच प्रतिकृती घडली, ‘थुरिया’. अ‍ॅटकिनचा तोच जुना आराखडा पुन्हा भारतीय हातांत आला. दक्षिण हिंदी महासागराच्या वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला जबर दुखापत झाली, पण तीन दिवसांनी फ्रेंच जहाज ‘ओसिरिस’ पोहोचेपर्यंत होडीचं अंग तरंगत राहिलं. पुढे 2023 मध्ये दुसऱ्या नौकेतून त्यांनी ही शर्यत दुसऱ्या क्रमांकाने पूर्ण केली.

अमेरिकन, ब्रिटिश, डच: या सगळ्या नौकांच्या कागदांवर सह्या परक्या आहेत. युद्धनौकांच्या बाबतीत आपण हे ओझं कधीच उतरवलं आहे. नौदलाचे स्वतःचे डिझायनर साठच्या दशकापासून काम करत आले आणि त्यांनी आखलेल्या विनाशिका माझगाव गोदीत बांधल्या जातात. मग शिडाच्या नौकेचा आराखडा आपल्याकडे का होऊ नये?

दहावी-बारावीच्या मुलांच्या आईवडिलांना म्हणून विनंती आहे. गणित आणि भौतिकशास्त्र आवडणाऱ्या मुलामुलींपुढे नेव्हल आर्किटेक्चर हे नाव एकदा तरी ठेवा. आयआयटी खरगपूर आणि आयआयटी मद्रासमध्ये जेईई अ‍ॅडव्हान्स्डमधून, कोचीच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात त्यांच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेतून आणि इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीच्या विशाखापट्टणम केंद्रात तिच्या सामायिक परीक्षेतून हे शिक्षण घेता येतं.