डाव बरोबर, निकाल उलटा

हातात एक्क्यांची जोडी आहे आणि समोरच्याकडे राजांची. सगळे पैसे मध्यभागी गेलेत, आता फक्त टेबलावरची पाच पानं उघडायची बाकी आहेत. पोकरमध्ये यापेक्षा चांगली स्थिती क्वचितच येते. तरीही एक्केवाला शंभरपैकी साधारण ८१-८२ वेळाच जिंकतो. उरलेल्या अठरा-एकोणीस वेळा तो सगळं अगदी बरोबर करून हरतो. एका रात्री तीनदा हीच वेळ आली आणि तिन्ही वेळा हरला, असंही घडतं. अशी शक्यता साधारण १७० मध्ये एक. 

हे गणित समजायला अवघड नाही. हिंजवडीच्या आयटी पार्कात तर ते चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या समजावून सांगणारे भेटतील. शनिवारी रात्री मारुंजी-माणच्या सोसायट्यांमध्ये रंगणारा मित्रांचा डाव असो, रविवारच्या ऑनलाइन स्पर्धा असोत, की वाकडहून रात्रीची बस पकडून गाठलेलं मांडवीवरचं कॅसिनो असो, पोकरकडे ओढली जाणारी मंडळी बहुतेकदा आकड्यांची भीती नसलेलीच असतात. हा नशिबाचा नव्हे, डोक्याचा खेळ आहे, असं त्यांना मनापासून वाटतं आणि दीर्घ पल्ल्यात ते बऱ्याच अंशी खरंही आहे. घोळ ‘दीर्घ पल्ला’ या शब्दांत आहे. तो किती दीर्घ, याचा अंदाज भल्याभल्यांना नसतो.

एक हिशेब करून पाहू. समजा, टेबलावरची सक्तीची मोठी पैज दहा रुपयांची आहे आणि एखादा चांगला खेळाडू दर शंभर डावांमागे सरासरी ५० रुपये कमावतो. हा दर उत्तम समजला जातो. पण त्याच शंभर डावांत निकालाचा झोका ९०० रुपयांच्या आसपास वर-खाली होत असतो. दहा हजार डावांनंतर त्याच्या खात्यात पाच हजार असायला हवेत. पण झोका नऊ हजारांचा असल्यामुळे तो चक्क तोट्यात असण्याची शक्यता सुमारे २९ टक्के राहते. एक लाख डाव खेळल्यावर ती चार टक्क्यांवर येते. प्रत्यक्ष टेबलावर तासाला पंचवीस-तीसच डाव होतात. म्हणजे दर शनिवार-रविवारी आठ-आठ तास बसलं तरी दहा हजार डावांना पाच-सहा महिने लागतात. अर्धं वर्ष उत्तम खेळून तोट्यात राहणं ही दहापैकी तिघांची गोष्ट आहे. त्यात ना कुणाची नजर लागलेली असते, ना साइटनं काही फसवलेलं असतं.

आता हाच हिशेब उलटा करू. त्याच दरानं हरणारा, म्हणजे वाईट खेळणारा माणूसही दहा हजार डावांनंतर फायद्यात असण्याची शक्यता तितकीच, २९ टक्के. दुर्दैवापेक्षा घातक आहे ते हे. सहा महिने पैसे येत राहिले की नोकरी सोडण्याचा विचार डोक्यात घोळू लागतो, आणि ज्याला आपण कौशल्य समजत होतो ते फक्त अनुकूल वारं होतं, हे कळायला पुढचं वर्ष जावं लागतं. त्यातच प्रत्येक डावातून आयोजक आपला कट, म्हणजे ‘रेक’, कापून घेतो. त्यामुळे टेबलावरच्या सगळ्यांची बेरीज नेहमी उणेच असते. कुणी जिंकत असेल, तर ते त्याच टेबलावरच्या इतरांच्या खिशातून आणि रेक भरून उरलेलं.

मेंदूला मात्र हे गणित पचत नाही. १९९० च्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञानं माकडांच्या मेंदूतल्या डोपामाइन पेशींवर प्रयोग केले. ठरलेल्या खुणेनंतर फळांचा रस मिळतो हे माकडाला कळलं, की पेशी त्या खुणेलाच उसळायच्या. खूण दिसूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्यांची हालचाल नेहमीच्या पातळीखाली जायची. मेंदू बक्षिसापेक्षा बक्षिसाच्या अपेक्षेचा हिशेब ठेवतो, असा त्याचा अर्थ. ८२ टक्के खात्री असताना हरलेला डाव म्हणूनच ५० टक्क्यांच्या डावापेक्षा जास्त झोंबतो. डॅनियल काहनेमन आणि एमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेली दुसरी गोष्टही इथे लागू पडते: तेवढ्याच रकमेच्या आनंदापेक्षा नुकसानाचं दुःख बरंच मोठं असतं. बरोबरीत सुटलेला खेळाडूही मनानं तोट्यातच घरी जातो.

या झोंबण्याला खेळाडू ‘टिल्ट’ म्हणतात. शब्द पिनबॉलच्या यंत्रावरून आला. यंत्र जास्त हलवलं की ते ‘टिल्ट’ दाखवून बंद पडायचं. फिनलंडमधल्या युसी पालोमॅकी आणि सहकाऱ्यांनी ऑनलाइन पोकर खेळणाऱ्यांकडून त्यांचे अनुभव लिहून घेतले. त्यात पैशांच्या दुःखाइतकाच ठळक होता तो अन्यायाचा संताप. ‘माझे’ पैसे चुकीच्या माणसाकडे गेलेत आणि ते परत मिळवणं हा माझा हक्क आहे, ही भावना. मग माणूस न्याय मिळवण्यासाठी खेळू लागतो आणि पत्त्यांना न्यायान्याय कळत नाही. मुरलेल्या खेळाडूंचं वेगळेपण इथेच दिसलं. दुःख त्यांनाही होतं, पण हरणं ते खेळाचाच भाग मानतात.

इंजिनिअर मंडळींना हे जास्त जड जात असावं, याला कारण आहे. कोड बरोबर लिहिला तर चालतो, चुकला तर लगेच लाल अक्षरांत सांगतो. वर्षानुवर्षं या शिस्तीत मुरलेल्या डोक्याला ‘बरोबर केलं आणि हरलो’ हा निकाल म्हणजे यंत्रातला बिघाड वाटतो. तो शोधण्यासाठी मग रात्ररात्र जागून जुने डाव उकरले जातात. (अप्रेझलमध्येही कष्ट आणि फळ यांचा संबंध बराच ढिला असतो, हे खरं. पण तिथे निदान महिन्याचा पगार चुकत नाही.)

इथून पुढे येतं ते बर्नआउट. हा शब्द १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यातल्या स्वयंसेवकांबद्दल लिहिताना वापरला. जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार म्हणत नाही. आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात तो ‘कामाशी निगडित स्थिती’ म्हणून नोंदला आहे आणि त्याची तीन लक्षणं दिली आहेत: शक्ती आटणं, कामाबद्दल मन विटणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. संशोधक क्रिस्टिना मॅसलॅक यांनी तो कशामुळे येतो, याची सहा क्षेत्रं सांगितली. कामाचा बोजा हे त्यातलं फक्त एक. बाकीची म्हणजे स्वतःचा ताबा, मोबदला, सोबतीची माणसं, न्याय आणि मूल्यं. व्यावसायिक पोकर खेळाडूला ही यादी लावून पाहा. निकालावर ताबा नाही, मोबदला बेभरवशाचा, सोबतीला बसलेला प्रत्येक जण प्रतिस्पर्धी आणि न्यायाचं तर वर आलंच. आठ दिवस सुट्टी घेऊन हे बदलत नाही. सुट्टीनं फक्त बोजा कमी होतो.

दिवसा नोकरी आणि रात्री पोकर असा दुहेरी संसार करणाऱ्याची गत आणखी वेगळी. अमेरिकेतल्या क्लायंटशी शेवटचा कॉल रात्री दहा-अकराला संपतो, मग लॅपटॉप तोच, खुर्ची तीच, फक्त खिडकी दुसरी उघडते. खेळून ताण हलका होतो, असं वाटतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ सबिने झोनेनटाग यांच्या अभ्यासानुसार कामाचा शीण उतरायला सगळ्यात महत्त्वाचं असतं ते मनानं कामापासून सुटणं. पोकर ऑफिस विसरायला लावतो खरा, पण त्या जागी तसंच दुसरं काम आणून ठेवतो: आकडेमोड, सावधपणा, हरण्याची धास्ती. एका शिफ्टवरून उठून दुसरीवर बसण्यातलाच हा प्रकार.

आणि झोप. विनोद व्यंकटरामन, मायकेल ची आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये रात्रभर जागवलेल्या तरुणांना जुगारासारखे निर्णय घ्यायला लावून त्यांच्या मेंदूची चित्रं काढली. झोप न झालेल्या मेंदूत जोखमीच्या निवडीच्या वेळी बक्षिसाशी संबंधित भाग जास्त पेटत होता आणि नुकसानीची नोंद घेणारा भाग मंद पडला होता. पहाटे तीनला ‘आता परत मिळवतो’ म्हणणारा माणूस म्हणूनच खरोखर वेगळ्या मेंदूनं खेळत असतो. रात्री दहाला त्यानं तोच डाव सोडून दिला असता.

उपाय काय? थांबण्याची वेळ पैशांवर न ठेवता घड्याळावर ठेवायची, हा पहिला. ‘बरोबरीत आलो की उठेन’ हा नियम हरणाऱ्याला बसवून ठेवतो आणि जिंकणाऱ्याला उठवतो. म्हणजे नेमकं नको तेव्हा जास्त खेळायला लावतो. दुसरा उपाय म्हणजे वही. प्रत्येक मोठ्या डावात निर्णय का घेतला, ते निकाल बाजूला ठेवून लिहायचं, आणि ते शेवटी कोण जिंकलं हे न सांगता एखाद्या जाणत्या मित्राला वाचायला द्यायचं. निकालावरून निर्णयाची किंमत ठरवण्याच्या खोडीवर ॲनी ड्यूक या एकेकाळच्या मानसशास्त्राच्या विद्यार्थिनीनं आणि नंतरच्या पोकरपटूनं पुस्तक लिहिलं आहे. तिचं म्हणणं पोकरबाहेरही उपयोगी पडावं. खेळाचे पैसे घरखर्चापासून वेगळे ठेवणं हे इतकं उघड आहे, की सांगायलाच नको, आणि मोडलं जातं तेही तेच सगळ्यात आधी.

वहीचा आणखी एक उपयोग आहे, जरा कटू. ‘सध्या नशीब खराब आहे’ हे वाक्य उत्तम खेळाडूही म्हणतो आणि जुगाराच्या आहारी गेलेलाही. दोघांतला फरक वही दाखवते. प्रत्येक बैठकीची रक्कम आणि तास प्रामाणिकपणे लिहिले आणि दोन-तीन वर्षांची बेरीज उणे आली, तर ते दुर्दैव नव्हे. वही लिहायलाच नको वाटत असेल, आकडा घरच्यांपासून लपवावा लागत असेल, हरलेलं भरून काढण्यासाठी उसने पैसे किंवा ॲपवरचं कर्ज घेतलं जात असेल, तर प्रश्न बर्नआउटचा राहिलेला नाही. जुगाराचा विकार हा स्वतंत्र आजार आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेनं २०१३ मध्ये त्याला दारू आणि ड्रग्जच्या व्यसनांच्याच रांगेत नेऊन बसवलं. थकलेल्या खेळाडूला विश्रांती आणि शिस्त पुरते. आजारी माणसाला खेळ पूर्ण थांबवून उपचारच लागतात. विचार आणि वर्तनावर काम करणारी सीबीटी ही पद्धत त्यात उपयोगी पडते.

आपल्याकडे ही गोष्ट नळराजाच्या कथेत येऊन गेली आहे. भाऊ पुष्कराबरोबर फाशांवर राज्य हरलेला नळ वेश बदलून ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. वाटेत ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाकडे नुसतं पाहून त्याच्या पानाफळांची संख्या सांगतो. नळ रथ थांबवून फळं मोजतो आणि आकडा खरा निघतो. मग घोड्यांच्या विद्येच्या बदल्यात तो ही अक्षविद्या शिकतो आणि त्याच क्षणी अंगातला कली बाहेर पडतो. फासे तेव्हा बेहड्याच्या बियांचेच असत. महाभारतकारांनी नळाला सुटका मंत्रानं दिली नाही, मोजायला शिकवून दिली, हे मजेशीर आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली आणि देशातल्या मोठ्या पोकर कंपन्यांनी पैशांचे डाव बंद केले. त्याआधी १ ऑक्टोबर २०२३ पासूनच जमा रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला होता आणि निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर कापला जात होता. थोड्याशा फरकानं जिंकणाऱ्यांचा फायदा त्यातच आटत होता. नव्या कायद्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्यांना आहे, खेळणाऱ्यांना नाही. ज्यांचा हा पूर्णवेळ धंदा होता, त्यांच्या हातून काम रातोरात गेलं. परदेशी साइटवर गुपचूप खेळणं हा त्यावरचा उतारा नव्हे. तिथे पैसे अडकले तर तक्रार करायला जागाच नसते, आणि लपवाछपवीनं एकटेपणा तेवढा वाढतो. घरगुती डावातही पैसे लावले, तर राज्याचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आड येऊ शकतो.

घरच्यांचं काम यात सोपं नाही. ‘किती हरलास?’ हा प्रश्न सहज तोंडात येतो आणि त्याचं उत्तर बहुधा खोटं मिळतं. ‘काल किती वाजता झोपलास?’ याचं खरं उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. कर्ज झालं असेल, तर रोख रक्कम हातात देऊन विषय मिटवू नये; देणेकऱ्यांची यादी सगळ्यांनी मिळून करावी आणि पैसे परस्पर त्यांनाच द्यावेत. व्यसनात कुटुंबालाही उपचारात सामील करून घ्यावं लागतं, हे १९८६ पासून चालणाऱ्या ‘मुक्तांगण’मुळे पुण्याला ठाऊक आहेच. बोलण्यात ‘आता काही अर्थ नाही’, ‘मी नसलेलाच बरा’ असे शब्द येऊ लागले, तर सोमवारची वाट न पाहता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठावा, माणसाला एकटं सोडू नये. सरकारची ‘टेलि-मानस’ हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते. फोन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.